दूध संस्थेच्या सभेत जगाचं सरकार

कोल्हापूर भागातल्या दूध संस्थेची वार्षिक सभा ज्यानं पाहिली नाही, त्याला लोकशाही किती वेगानं चालू शकते याची कल्पना येणार नाही. सचिव ‘विषय क्रमांक एक’ म्हणून श्वास घेतो न घेतो तोच मंडपातून ‘मंजूर, मंजूर’ अशी आरोळी उठते. अहवाल वाचला असं समजून मंजूर, ताळेबंद पाहिला असं समजून मंजूर, मागच्या सभेत काय मंजूर केलं होतं ते आठवतं असं समजून तेही मंजूर. विरोधी गट तगडा असेल त्या वर्षी तितक्याच जोरात ‘नामंजूर’ होतं, माईकची ओढाओढ होते आणि बाहेर झाडाखाली समांतर सभा भरते. विषय काय होता हे मात्र दोन्हीकडच्यांना विचारू नये. मी नावं ठेवत नाही, या सभांचे अहवाल छापूनच माझं पोट भरतं.

कोल्हापुरात माझा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, अहवाल, आणि निवडणुका लागल्या की पॅनेलची हँडबिलं. छत्री, कपबशी, विमान, नारळ ही चिन्हं माझ्या कॉम्प्युटरवर बारमाही तयार असतात. माणसं मत कसं देतात याबद्दल माझ्या मनात भाबडेपणा म्हणून उरलेला नाही. आमच्या घरातला सगळा भाबडेपणा आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वाट्याला गेला आहे.

आप्पा पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे. आधी उद्यमनगरात आणि शेवटची बरीच वर्षं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत. कोल्हापूरला लागून असलेल्या आमच्या उचगावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. आई शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची, म्हणून तिला सगळे बाई म्हणतात आणि आप्पाही बाईच म्हणतात. दोघं निवृत्त झाल्यावर दारात एक म्हैस आली आणि म्हशीपाठोपाठ गल्लीतल्या दूध संस्थेचं सभासदत्व आलं, दोघांच्या नावावर वेगवेगळं. एका घरात दोन मतं असली की दोन्ही गट दारात येतात, एवढाच त्याचा उपयोग असं मला वाटायचं.

निवृत्त माणसानं टीव्ही बघावा, पण बेतानं. आप्पांना बेत जमला नाही. कुठं ना कुठं लढाई चालूच असायची आणि ते संध्याकाळी भाकरी पुढ्यात घेऊन पडलेल्या इमारती बघत बसायचे. निवेदक ओरडत असायचा, पडद्यावर विमानं उडत असायची आणि भाकरी तशीच राहायची. आई टीव्ही बंद करायची, आप्पा परत लावायचे. एकदा मी मुक्कामाला असताना ताटातला हात तसाच ठेवून ते मला म्हणाले, “दुधाचं विचारत्यात, सरपंचाचं विचारत्यात, गणपती कुठं बसवायचा ते बी हात वर करून ठरवतोय आपण. लढाईचं कवा कुणी विचारलंय व्हय आपल्याला?”

त्यांनी दोन घास खावेत म्हणून मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. म्हटलं, परदेशात पूर्वी काही गावांनी असं विचारलं होतं म्हणे. लढाया थांबवायला सगळ्या सरकारांच्या वर एक सरकार असावं का, असा प्रश्न छापून चक्क मतदान घेतलं होतं. बोलले आणि फसले. आप्पांनी टीव्ही स्वतःच्या हातानं बंद केला, भाकरी संपवली आणि वर दूधभातही मागून घेतला. त्या संध्याकाळनंतर घरात लढायांचं नाव निघालं नाही, निघायचं ते ठरावाचं.

कुणाला वाटेल म्हाताऱ्याला काहीतरी जिंकायचं होतं. तसं नव्हतं. उचगावानं ठराव केला म्हणून कुठली तोफ गप्प बसणार नाही, हे माझ्याइतकंच त्यांनाही कळत होतं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की ज्यांच्याबरोबर आयुष्य गेलं त्या माणसांना हा प्रश्न एकदा समोर बसवून विचारावा आणि त्यांनी त्यावर विचार करून उत्तर द्यावं. “इचार करून दिलं पायजे,” हे ते दर वेळी जोडायचे. फौंड्रीच्या कँटीनमध्ये ते असलं काही बोलू लागले की पोरं त्यांना ‘जगाचे चेअरमन’ म्हणायची. ते हसण्यावारी न्यायचे, पण ते त्यांना लागायचं, हे मला माहीत होतं. आता भर सभेत तेच व्हायचं, ही काळजी मला लागली होती.

ठराव त्यांनी लिहिला आणि आईपुढे ठेवला. लढाया थांबवण्यासाठी सर्व देशांच्या वर अधिकार असणारं एक सरकार असावं आणि त्यात लोकांनी निवडून दिलेली माणसं बसावीत, अशी आमची इच्छा आहे, असा साधारण मजकूर होता. आईनं लाल पेनानं दोन ठिकाणी शब्द सुधारले, कागद परत दिला आणि ती म्हशीला पाणी दाखवायला गेली. चांगलं म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही. मला वाटलं, तिला कौतुक आहे पण ती दाखवत नाही. आमची आई तशीच आहे.

अनुमोदक म्हणून शेजारचे चाचा तयारच होते. ते त्याच फौंड्रीत मोल्डर होते. आप्पांनी लाकडाचा नमुना करायचा आणि चाचांनी तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, असं दोघांचं आयुष्य गेलं. अडचण सचिवांची होती. त्यांनी ठराव वाचला आणि पोटनियमांवर बोट ठेवलं. संस्थेचं कार्यक्षेत्र उचगाव आहे, हा विषय जगाचा आहे, म्हणून तो कार्यक्षेत्राबाहेर जातो. आप्पांनी शांतपणे विचारलं की उचगाव जगात येतं की नाही. सचिव चेअरमनकडे गेले. चेअरमन व्यवहारी गृहस्थ. मिस्त्रींच्या घरात दोन मतं आहेत हे त्यांच्या ध्यानात होतं. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात ठराव बसला.

मतपत्रिका अर्थातच माझ्या गळ्यात आल्या. माझं गिऱ्हाईक मी ओळखून आहे, म्हणून मी शहाणपणा केला आणि ‘होय’पुढे छत्री, ‘नाही’पुढे कपबशी छापली. चिन्हाशिवाय मत म्हणजे आमच्याकडे मिठाशिवाय रस्सा. आप्पांनी गठ्ठा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. गेल्या निवडणुकीत सत्ताधारी पॅनेल छत्रीवर निवडून आलं होतं. आता जगाच्या सरकारला छत्री दिली तर अर्धी माणसं चेअरमनला मत द्यायचं म्हणून देतील आणि उरलेली चेअरमनला पाडायचं म्हणून कपबशीला देतील. लढाई तशीच राहील, म्हणाले. मी परत छापल्या, नुसत्या शब्दांच्या. पहिल्या गठ्ठ्याच्या पाठकोऱ्या कागदांवर अजून माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं पेन चालतोय का ते बघतात.

सभेच्या दिवशी मंडप भरला होता. सभा ऐकायला कुणी येत नाही, पण सभेला आलेल्याला स्टीलचा डबा आणि आइस्क्रीम मिळतं. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, शेजारी चाचा. आई बायकांत. मी पाहुणी म्हणून मागं उभी होते, पिशवीत मतपत्रिका घेऊन. एकेक विषय वाऱ्यासारखा मंजूर होत होता आणि आप्पा आपला कागद परत परत उलगडून बघत होते. लहान मुलाचं गॅदरिंगमध्ये भाषण असावं तशी माझी अवस्था झाली होती, भाषण त्यांचं आणि घाम मला.

त्यांचं नाव पुकारलं. ते माईकपाशी गेले, घसा साफ केला आणि वाचू लागले, “लढाया थांबवण्यासाठी सर्व देशांच्या…”

“मंजूर, मंजूर,” मंडप गरजला.

बाहेर आइस्क्रीमचा टेम्पो लागला होता. माणसं उठू लागली. सचिवांनी सराईतपणे ‘एकमताने मंजूर’ असं लिहूनसुद्धा टाकलं. चेअरमन हसून टाळ्या वाजवत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हाताऱ्याचा मान ठेवला, असंच सगळ्यांना वाटत होतं. आप्पा माईकपाशी तसेच उभे होते, कागद अर्धा वाचलेला. कुणी हसलं असतं तर त्यांनी सोसलं असतं, त्याची त्यांना सवय होती. पण त्यांचा प्रश्न कुणी ऐकलाच नव्हता. त्यांचे खांदे असे उतरलेले मी आधी कधी पाहिले नव्हते. मला रडू आलं आणि त्या टेम्पोवाल्याचा भयंकर राग आला.

तेवढ्यात बायकांतून वर्गात हजेरी घेताना यायचा तसा आवाज आला. “नामंजूर. माझा विरोध आहे.”

आई उभी होती.

उठलेली माणसं जागच्या जागी खाली बसली. चेअरमनचं हसू मावळलं. दूध संस्थेत नामंजूर हा शब्द कुणी सहज म्हणत नाही, त्याच्यामागं गट असतो, बैठका असतात, कुणाचा तरी हात असतो. मागच्या रांगांत लगेच कुजबुज सुरू झाली की बाई कुठल्या गटाला मिळाल्या, कधी मिळाल्या, आणि मिस्त्रींना तरी माहीत हाय का. माजी चेअरमन, म्हणजे विरोधी गटाचे पुढारी, इतका वेळ मोबाइल बघत होते, ते सावरून बसले. आपला गट आपल्या नकळत वाढतोय हे बघून त्यांना आनंद लपवता येत नव्हता. चेअरमननी अदबीनं विचारलं, “बाई, तुमी मिस्त्रींच्या ठरावाला इरोध करताय?”

आई म्हणाली, “ठराव काय आहे ते कुणी सांगितलं तर कळेल ना, विरोध कशाला करायचा ते. आधी पूर्ण वाचू द्या. मग चर्चा होऊ दे आणि चिठ्ठीवर मत घ्या. पोटनियमात आहे ते.”

आप्पांनी आईकडे पाहिलं. ते बघणं मी विसरणार नाही. मला तर तिथंच जाऊन तिला मिठी मारावीशी वाटली. काय शक्कल काढली बाईनं, नवऱ्याचा ठराव वाचावा म्हणून नवऱ्याच्याच विरोधात उभी राहिली, असं मी शेजारच्या बाईला अभिमानानं सांगितलंसुद्धा.

मग आप्पांनी ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आणि आमच्या माणसांची गंमत अशी की एकदा विरोध आहे म्हटल्यावर त्यांचे कान उघडतात. प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. एकानं विचारलं, त्या वरच्या सरकारात आपल्या जिल्ह्याला किती जागा. दुसऱ्याला काळजी की आपला झेंडा राहणार की जाणार. कुरुंदवाडला लेक दिलेले एक आजोबा म्हणाले की नदीच्या पाण्यावरून दोन राज्यांचं एकमेकांशी पटत नाही, ते अजून कुणाला मिटवता येईना, आणि हे देशादेशांचं कोण मिटवणार. आप्पा एकेकाला उत्तर देत होते. कुठं अडकले तर माहीत नाही म्हणत होते. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, आता ठरावाचं काहीही होवो.

चाचा अनुमोदन द्यायला उठले. ते मुळात कमी बोलतात. म्हणाले, “आमच्या आज्ज्याच्या वक्ताला बांधावरनं कुऱ्हाडी निघायच्या. आता कोण कुऱ्हाड काढतंय? केस काढतंय. वर कोरट हाय म्हणून न्हवं का? देशांच्या वर कायच न्हाय, म्हणून ती कुऱ्हाडी काढत्यात.”

मागून कुणीतरी ओरडलं की बांधाची केस तीस वर्षं चालते.

“चालूंदे की,” चाचा म्हणाले. “माणसं जित्ती ऱ्हात्यात न्हवं.”

यावर जी टाळी पडली ती मंजूरची नव्हती. आइस्क्रीम विरघळतंय म्हणून टेम्पोवाला दोनदा आत डोकावून गेला, पण कुणी उठलं नाही. मी पिशवी उघडून चिठ्ठ्या वाटल्या. दुधाचा रिकामा कॅन धुऊन पुसून टेबलावर ठेवला. एका आजींनी चिठ्ठी उलटसुलट करून मला विचारलंच, “छत्री कुठं हाय गं?” मी म्हटलं आज छत्री नाही, आज डोकं. त्या मनापासून हसल्या आणि बाजूला जाऊन, हाताचा आडोसा करून, बराच वेळ घेऊन खूण केली. सगळेच बराच वेळ घेत होते.

कॅन टेबलावर उपडा केला तेव्हा सगळा मंडप खऱ्या मतमोजणीसारखा पुढं सरकला. दोन चिठ्ठ्यांवर दोन्हीकडे खुणा होत्या, एकीवर ‘दुधाचं फॅट बरोबर लावा’ असं लिहिलं होतं. बाकीच्यांत ‘होय’ची रास मोठी झाली, चांगलीच मोठी. पण ‘नाही’ची रासही टेबलावर डोळ्यांत भरत होती. ठराव मंजूर झाला. लोकांनी आप्पांना खांद्यावर घेतलं नाही, आमच्याकडे तेही होऊ शकतं, पण गुलाल मात्र कुणीतरी कुठून तरी आणलाच. आप्पा त्या ‘नाही’च्या राशीवर अलगद हात ठेवून उभे होते. “इचार केला बघ लोकांनी,” ते मला म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं आणि कपाळाला गुलाल.

आम्ही घरी यायच्या आत माजी चेअरमननी आईला गाठलं. बाईंच्यासारखं माणूस पुढच्या पॅनेलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. आईनं डबा आणि आइस्क्रीम सांभाळत त्यांना सांगितलं की म्हैस व्यायला झाली आहे, आत्ता राजकारण जमायचं नाही.

घरी आप्पा दारातच पायऱ्यांवर बसले. चाचाही बसले. दिवेलागण होत होती आणि गल्लीतून येणारा-जाणारा थांबून ठरावाबद्दल काहीतरी बोलून जात होता. आई आत भात टाकत होती, मी कांदा चिरत होते. आप्पा आत आले आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन म्हणाले, “बाई, तू इरोध केलास म्हणून माझी सभा झाली. न्हाईतर आइस्क्रीम खाऊन आलो असतो. लई उपकार झालं.”

“उपकार कसले,” आई म्हणाली. “मला विरोधच होता.”

आप्पा हसले. मीही हसले. आई हसली नाही. तिनं भाताची वाफ बघितली, गॅस बारीक केला आणि आमच्याकडे वळून सांगितलं की तिनं ‘नाही’वर खूण केली आहे.

कांदा माझ्या हातात तसाच राहिला. दुपारपासून मी गल्लीभर सांगत होते की आमच्या आईनं नाटक केलं. आप्पा हळूच पाटावर बसले. का, एवढंच त्यांनी विचारलं.

“तुम्ही लिहिलंय, लोकांनी निवडून दिलेली माणसं बसावीत,” आई म्हणाली. “निवडून द्यायचं लिहिलंत. पाडायचं कुठं लिहिलंय? सगळ्यांच्या वर बसलेलं सरकार उद्या बिघडलं, तर ते कुणी खाली उतरवायचं? लाल पेन हातात होतं तेव्हाच लिहिणार होते.”

“मग लिव्हलं का न्हाईस? सभेत तरी का बोलली न्हाईस?”

आईनं पदरानं कपाळ पुसलं. “तेव्हा तुम्ही नुकते कुठं जेवायला लागला होता. सभेत बोलले असते तर तुमचा ठराव पडला असता,” ती म्हणाली. “आणि तुम्ही आजपण जेवला नसता.”

मला वाटलं आता आप्पांचा चेहरा पुन्हा पडणार, दुपारपासूनचा सगळा आनंद या एका वाक्यानं जाणार. मी आईवर मनातल्या मनात चिडलेसुद्धा, की आजचा दिवस गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं. आप्पा आईकडे बघत होते. त्यांच्या गळ्यातून आधी एक आवाज निघाला, मग त्यांना हसू फुटलं, असं की तांब्यातलं पाणी मांडीवर सांडलं. “खरं हाय की,” ते म्हणाले. “पाडायचं ऱ्हायलंच की गं.” ते उठले, ओल्या धोतरानंच बाहेर गेले आणि पायऱ्यांवरच्या चाचांना त्यांनी ते सांगितलं. मग खिशातला फोन काढून चेअरमनना लावला.

मी दारात जाऊन उभी राहिले. आप्पा मोठ्यानं सांगत होते की ठरावात चूक राहिली आहे, परत सभा लावायला पाहिजे. पलीकडून चेअरमन इतक्या जोरात बोलत होते की मलाही ऐकू येत होतं. ते कळवळून म्हणत होते, “मिस्त्री, तुमी निवडून आलाय. आता परत सभा कशाला?”

“आलोय व्हय,” आप्पा म्हणाले, “पर बाई न्हाय म्हणतीया. तिला पटल्याबिगर म्या निवडून आलो म्हणायचं कसं?”

स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली की ताट वाढलंय, आधी जेवून घ्या.